शेगडीची मूठ

मस्कतच्या वादी अदाईतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये, रंधे आणि पटाशा ठेवायच्या फळीवर, एक लोखंडी मूठ पडून आहे. वीतभर लांब, टोकाला चौकोनी खाच, हाताला चटका बसू नये म्हणून मध्ये तारेचा वेढा. गिऱ्हाइकं विचारतात, ही कशाची. मी सांगतो, एका शेगडीची. मग शेगडी कुठे आहे असं कोणी विचारलं, की मी त्याला किचनच्या कपाटांचे नमुने दाखवायला घेतो.

मी सुतार आहे, सिंधुदुर्गातला. मस्कतला आलो तेव्हा दुसऱ्याच्या हाताखाली पॅकिंगच्या पेट्या ठोकत होतो. आता माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत. मधलं सगळं मी घासाघीस करून मिळवलं आहे. लाकूड, भाडं, मशिनी, कशालाच मी पहिल्या शब्दाला हो म्हटलेलं नाही. पण काम काय, तर एमडीएफचे बोर्ड कापायचे आणि त्यावर कागदासारखा थर चिकटवायचा. सागाच्या भुशाचा वास वर्षानुवर्षं नाकाला लागला नव्हता.

तेव्हा जबल अखदरच्या डोंगरावरचं काम आलं. एक म्हातारा ओमानी मालक वडिलोपार्जित दगडी घरांचं गेस्टहाऊस करत होता. जुनी नक्षीची दारं दुरुस्त करायची, जी गेली होती ती तशीच नवी घडवायची. वर्कशॉपसाठी त्याने गावाच्या टोकाचं दगडी गोदाम दिलं आणि पहिल्याच भेटीत सांगितलं, की आसपासच्या गावांतही अशी घरं पडून आहेत. उन्हाळ्यापर्यंत काम पसंत पडलं तर हे वर्कशॉप कायम ठेवीन आणि एक मिस्त्री कायम इथे राहील.

त्या हिवाळ्यात मला दुसरं काही नको होतं. तो मिस्त्री मी व्हावं, एवढंच.

बरोबर पॉलिशवाला नेला. शेजारच्या गावचा, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. अठरा वर्षांपूर्वी मीच त्याला व्हिसावर आणला. एअरपोर्टवर घ्यायला मी गेलो होतो, आणि तेव्हापासून आम्ही एका खोलीत राहिलो. माशाची कढी तो करायचा, भांडी मी घासायचो. मला तो दादा म्हणे. माझी आई गेली तेव्हा मी इथे होतो आणि तो सुट्टीवर गावी. खांदा त्याने दिला.

ओमानमध्ये थंडी पडते हे गावी कोणाला पटत नाही. डिसेंबरात डोंगरावर सकाळी बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरला होता. सरस भांड्यातून काढून सांध्याला लावेपर्यंत थिजायचा. लाखेचं पॉलिश तर वाळताना पांढरं पडायचं, जणू दारावर कोणी ताक शिंपडलंय. इलेक्ट्रिक हीटर लावला, की करवत सुरू होताच फ्यूज जायचा. पॉलिशवाला बोटं काखेत घालून बसून राहिला.

"दादा, ह्या काय आमचा काम नाय," तो म्हणाला. "ह्या बर्फवाल्याचा काम."

मी मस्कतजवळच्या सीबला गेलो. तिथल्या जुन्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागे रत्नागिरीकडच्या एका चाचांचं भंगाराचं दुकान आहे. त्यांच्याकडे एक बिडाची शेगडी पडलेली मी पूर्वी पाहिली होती. कुठल्या तरी गोऱ्या साहेबांच्या कॅम्पमधून कधी काळी निघालेली. कमरेएवढी उंच, चार वाकडे पाय, पुढे जाड दार, दारावर द्राक्षांचा वेल. चाचांनी तिच्यावर फुटका टीव्ही ठेवला होता.

"साठ रियाल," चाचा म्हणाले.

"चाचा, मस्कतमध्ये शेगडी विकताय. समुद्रात मीठ विका त्यापेक्षा."

"तुम्हाला हवीय म्हणून तर आलात नं."

तासभर गेला. मी दोनदा उठून गाडीपर्यंत गेलो. शेवटी बावीसवर ते आले आणि मी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी दारातली मूठ उपसून खिशात घातली.

"शेगडी बावीस. मूठ वेगळी."

"उद्या बैल विकाल आणि शेपूट वेगळं म्हणाल."

"शेपटाशिवाय बैल चालतो, मिस्त्री. मुठीशिवाय ही उघडत नाही."

मी तिसऱ्यांदा गाडीपर्यंत गेलो, आणि मूठ त्यातच मिळवली. परत येताना ती माझ्या मांडीवर होती. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.

मस्कतच्या रुवी भागातल्या एसीच्या डक्टवाल्याकडून पत्र्याचं धुराडं करून घेतलं. तो मल्याळी माणूस तीनदा विचारत होता, की यातून थंड हवा येणार की गरम. शेगडी दगडी कोळशाची. इथे मिळतो तो मांस भाजायचा लाकडी कोळसा. तो जाळीतून खाली पडायचा म्हणून मी वर दुसरी बारीक जाळी बसवली. डोंगराच्या पायथ्याच्या पोलिसचौकीपलीकडे फोर-बाय-फोरशिवाय सोडत नाहीत. तसली भाड्याची गाडी करून सगळं वर नेलं आणि चौघांनी मिळून गोदामात उतरवलं. पॉलिशची खोली मागची होती. स्पिरिटची बाटली शेगडीच्या खोलीत आणायची नाही, हा नियम मी घातला. मधल्या भिंतीत वरच्या बाजूला एक झरोका होता, त्यातून धग पलीकडे जाई.

पहिल्या दिवशी ती तापली तेव्हा आम्ही दोघे नुसते हात पसरून उभे राहिलो. सरस वाहता राहिला. पॉलिश आरशासारखं बसलं.

"दादा, तुमी नसतास तर मी हंय मेलंय असतंय," तो म्हणाला. मी म्हटलं, "मर, पण दारा संपव आदी."

आता पुढचं. सुताराच्या कामात थांबणं नसतं, एक सांधा आवळला की दुसरा. पॉलिशवाल्याचं काम म्हणजे अर्धं थांबणंच. एक हात मारला की वाळेपर्यंत बसायचं. तो बसायचा, शेगडीपाशी. आणि त्या धगीला मालकही यायला लागला. म्हाताऱ्याला गुडघ्यांचा त्रास. सकाळी दहाच्या सुमारास कहाव्याचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, थर्मास आणि खजुराचा डबा घेऊन तो यायचा, शेगडीजवळच्या पेटीवर बसायचा. इथल्या रीतीप्रमाणे आधी खबर विचारायची. काय खबर, सगळं ठीक. घरचे कसे, सगळं ठीक. गावचे कसे, सगळं ठीक. दहा मिनिटं त्यातच जात. मग कप, मग दुसरा कप, मग मुद्दा असला तर मुद्दा.

"सदीक, बैठो," मला तो म्हणायचा. सदीक म्हणजे दोस्त.

"अर्बाब, पाच मिनिट, काम बाकी है," मी म्हणायचो. अर्बाब म्हणजे मालक. बसलोच तर पहिल्या कपाबरोबर चौकटीच्या लाकडाचा विषय काढायचो. तो हसून म्हणायचा, "इन्शाल्ला." शिवाय आठवड्यातले दोन दिवस मी खाली मस्कतला, कारण लाकडाचा भाव पाडणं मी दुसऱ्या कोणावर सोपवत नसे. म्हणजे शेगडी मी आणली, आणि तिच्या धगीत सबंध हिवाळा दुसराच बसला. हे मला तेव्हा दिसलं नाही. कामचुकार आहे थोडा, एवढंच मी मनात म्हणत होतो.

शेवटचं मोठं दार बसवायचं राहिलं होतं, तेव्हा मालकाने आम्हाला दोघांना शेगडीपाशी बसवलं. कप भरले. खबर झाली. मग पॉलिशवाल्याकडे हात करून तो म्हणाला, "तुम नीचे जाओ, आराम करो. इधर ये रहेगा. मैं इसको रखेगा. लकड़ी वाला दूसरा मिलेगा."

मला वाटलं, त्याची हिंदी चुकली.

"अर्बाब, मिस्त्री मैं हूँ."

"तुम्हारा भाई बोला. घुटना खराब, सर्दी में तकलीफ. तुम खुद नीचे जाना माँगता."

माझे गुडघे ठणठणीत आहेत. एकदा मोठी चौकट उचलताना मी मजेत म्हटलं होतं, की ह्या डोंगरावर माझे सांधे सरसाने चिकटवावे लागतील. मी पॉलिशवाल्याकडे पाहिलं. तो खजुराची बी हातात फिरवत होता.

माझं डोकं फिरलं. हातातला भरलेला कप मी जमिनीवर ठेवला. मालक थांबला. त्याने स्वतःचाही कप खाली केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "बोलो. क्या चाहिए?"

"कुछ नहीं चाहिए," मी म्हणालो. आवाज चढला होता. "तुम दोनों को मुबारक."

त्याने आपला कप परत उचलला. मग म्हणाला, "खलास."

मी त्याच दुपारी उतरलो.

आठवड्याने परत गेलो, शेगडी आणायला. ती माझी होती, माझ्या खिशातली. फोर-बाय-फोर पिकअप आणि दोन माणसं घेऊन गेलो. बाकी सगळं त्याने घ्यावं, पण माझ्या धगीत बसू नये. गोदामात शिरलो तर शेगडी पेटलेली. बिडाची तापलेली शेगडी कोणी उचलू शकत नाही. ती निवायला तीन-चार तास तरी हवे. माणसांना मी चहाला पाठवलं आणि पेटीवर बसलो. समोर तो बसला. त्याने कोळसा घातला नाही. जाळीतला लाल उजेड कमी होत गेला.

"मालक तुका ठेवतलो, ह्या तुका कधीपासून म्हायत होता?" मी विचारलं.

"जानेवारीपासून."

"म्हणजे महिनाभर माझ्यावांगडा जेवलंस, आणि..."

"जेवलंय." तो मान खाली घालून म्हणाला. "दादा, खाली माका काय काम आसा? तुमच्या त्या बोर्डार पॉलिश कोण मारता? आठ वर्सा मी मशिनीन फवारे मारतंय, छातीत सगळो रंग बसलो. हंय माझ्या हाताक काम मिळाला."

"मग माका सांगूचा."

"सांगलंय असतंय तर तुमी सोडला असता? तुमी मुठीचे पैसे पण सोडलास नाय."

मी शिवी दिली. ती त्याने ऐकून घेतली.

बराच वेळ गेल्यावर तोच म्हणाला, "तुमी त्या दिवशी कप खाली ठेवलास, तेव्हा माझा काळीज हाल्ला."

"कित्या?"

"हंय जुन्या लोकांची रीत आसा. पाव्हण्यान भरलेलो कप पिऊच्या आदी खाली ठेवलो, म्हणजे तेका कायतरी मागूचा आसा. मग यजमानान नाय म्हणूचा नसता. दादा, तो इचारी होतो तुमका. तुमी मागला असता, तर वर्कशॉप तुमका देवचाच लागला असता."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. आयुष्यभर मागून, ओढून, भांडून घेतलं. आणि जिथे नुसतं तोंड उघडायचं होतं तिथे मी कुछ नहीं चाहिए म्हणालो.

"आणि तू थंयच बसलेलंस."

"व्हय."

"म्हायत असून."

"व्हय, दादा."

गुडघ्यांचं खोटं मी एखादे वेळी गिळलंही असतं. पोटासाठी माणूस बोलतो. पण तो कप जमिनीवर होता तेवढा वेळ, माझ्यापासून हातभर अंतरावर बसून, हा मनात म्हणत होता की दादाने मागू नये. अठरा वर्षांचा शेवट माझ्यासाठी तिथे झाला.

दुपारी माणसं आली. शेगडी कोमट झाली होती, गोणपाट गुंडाळून उचलता आली असती. मी उठलो आणि मागच्या खोलीत डोकावलो. मोठं दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं होतं. माझं दार. वरच्या पट्टीतला खजुराचा पाला कोरायला मला अकरा दिवस लागले होते. त्यावर सकाळीच पॉलिशचा हात बसला होता आणि तो अजून ओला होता. बाहेर ढग खाली उतरले होते. कोपऱ्याला, चौकटीजवळ, एक पांढरी झाक धरायला लागली होती.

तो माझ्या मागे उभा होता. त्यालाही दिसत होती. दारासाठीही त्याने माझ्याकडे शेगडी मागितली नाही.

मी परत आलो, मूठ फिरवून शेगडीचं दार उघडलं आणि दोन फावडी कोळसा घातला. निखारा जिवंत होता. दार लावलं, हवेची झडप अर्धी उघडली. माणसांना म्हटलं, चला, रिकामीच नेऊ गाडी. मग मी खाचेतून मूठ उपसली. चटका बसेल इतकी तापली नव्हती. ती मी खिशात घातली.

"दादा," तो म्हणाला, "मूठ."

"मूठ वेगळी," मी म्हणालो.

वर जाणारा ड्रायव्हर अधूनमधून माझ्याकडे येतो. सांगतो, की दारं सुंदर दिसतात, लोक फोटो काढतात. शेगडी अजून पेटते आणि पॉलिशवाला तिचं दार पकडीने उघडतो. तसली मूठ कोणीही वेल्डर तासाभरात करून देईल. ती त्याने अजून का करून घेतली नाही, हे मी ड्रायव्हरला विचारलेलं नाही. आणि फळीवरची ही मूठ मी कोणाला देणार नाही, कितीही भाव आला तरी.