यातला कुत्रा मरतो काय?

बोईसरला आमच्या घरी रविवारी सकाळी मुलांचा वाचनकट्टा भरतो. चौथी ते सातवीची मुलं, महिन्याला एक कादंबरी. सगळ्यांनी ती घरी वाचायची आणि शेवटच्या रविवारी हॉलमधल्या सतरंजीवर बसून तिच्यावरून यथेच्छ भांडायचं. कादंबरी निवडायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. त्यात काय एवढं, असं मला वाटायचं.

मग जवळच्याच समुद्रकाठच्या नवापूरची एक मुलगी येऊ लागली. सहावीतली, दोन घट्ट वेण्या. तिची आई बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसायची, तेवढ्या वेळात ही आमच्याकडे. पहिल्याच दिवशी तिनं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. मुखपृष्ठावर झुपकेदार शेपटीचा कुत्रा होता.

"काकू, यातला कुत्रा मरतो काय?"

"वाचून बघ ना."

"नाय. आधी सांगा, मंग वाचते."

कुत्रा शेवटपर्यंत ठणठणीत होता. मी तसं सांगितलं, तेव्हा कुठे तिनं पुस्तक पिशवीत टाकलं. शेवटच्या रविवारी मात्र ती चपलाही न काढता दारातच उभी राहिली.

"काकू, आजोबा मेला!"

"अगं, तू कुत्र्याचं विचारलं होतंस."

"मंग आजोबाचं तुमी सांगायचं नाय का?"

अख्खी सतरंजी तिच्या बाजूनं झाली. "काकू, तुम्ही रडकीच पुस्तकं आणता," फक्त साहसकथा वाचणारा वसाहतीतला एक मुलगा म्हणाला. मी कपाटाकडे पाहिलं. गाय, आजी, बोकड, आता आजोबा. एका कादंबरीत तर वडाचं झाडसुद्धा गेलं होतं. कट्टा सुरू झाल्यापासून बराच संहार झाला होता खरा.

ठराव झाला, की पुढच्या कादंबरीत कोणीही मरता कामा नये. मी पालघरला पुस्तकांच्या दुकानात गेले. "ज्यात कोणीच मरत नाही असं काही आहे का?" असं विचारल्यावर दुकानदारानं गंभीरपणे पाककृतींचं पुस्तक पुढे केलं. उघडलं तर पहिलंच पान कोंबडीच्या रश्श्याचं.

शेवटी एक सापडली. एक कुटुंब सुट्टीत मामाकडे जातं आणि परत येतं. कोणाला साधं पडसंही होत नाही. त्या महिन्यात भांडण झालंच नाही, सगळे जांभया देत बसले. नवापूरकरणीनं पुस्तक पुन्हा एकदा पहिल्यापासून चाळलं. मग म्हणाली, "कोण हरवाय तरी पायजे होता." आणि थोड्या वेळानं, "पुढचं पुस्तक मी बघते."

मी तिला तीन नवी पुस्तकं दिली. पुढच्या रविवारी दोन मुकाट्यानं परत आली. तिसरं तिनं माझ्यासमोर ठेवलं.

"यातलं गाढव मरते."

"मग राहू दे."

"नाय, हेच घ्या. मी रडली. आयेला वाचून दाखवलं, तीपन रडली. पण मरायच्या आधी ते गाढव काय काय करते ना काकू..." पुढचं तिला हसू आवरेना म्हणून सांगताच येईना.

प्रती आल्या. वाटताना तिनं प्रत्येकाला बजावलं, "गाढव मरनार हाय. ज्याला नको त्यानं नेऊ नका." सगळ्यांनी नेलं. साहसवीर दोनच दिवसांनी दारात हजर. नाक लाल. "सर्दी झालीये," म्हणाला आणि याच लेखकाचं आणखी काही आहे का, विचारू लागला.

त्या महिन्याचं भांडण गाढवाच्या मरणावरून झालंच नाही. झालं ते त्यानं भर मांडवात नवरदेवाचा फेटा खाल्ला, ते योग्य की अयोग्य यावरून. अर्धी मुलं गाढवाच्या बाजूनं, अर्धी नवरदेवाच्या. इतक्यात बाजार आटोपून नवापूरकरणीची आई तिला न्यायला आली. रिकामी टोपली दाराबाहेर ठेवून ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली.

"फेटा खाल्ला ते बरंच केला त्यानं," ती म्हणाली. "नवरा तसलाच होता."

नवरदेवाचा पक्ष खवळून उठला. मी तिला आत बोलावलं, सतरंजीवर जागा करून दिली आणि चहा टाकायला गेले.