टोळीत कोयते किती

वडवणीत एका खताच्या दुकानाच्या माडीवर मी कॉम्प्युटरचा क्लास घेते. मुलं बारावी झालेली, बरीचशी शेतकऱ्यांच्या नाहीतर ऊसतोड्यांच्या घरची. मी मुळात चिडकी. पालथ्या घड्यावर पाणी, असं दिवसातून एकदा तरी माझ्या तोंडून निघतंच.

अ‍ॅरे म्हणजे ओळीने मांडलेले डबे, आणि डबे किती, म्हणजेच त्याची लांबी, ते कॉम्प्युटर सांगतो, इथपर्यंत गाडी ठीक चालली होती. अडली ती अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे आल्यावर. मी फळ्यावर एक मोठा डबा काढला, त्यात तीन छोटे डबे, प्रत्येकात दोन नावं. "मोठ्या डब्याची लांबी किती?" सगळा वर्ग ओरडला, "सहा!" कॉम्प्युटर मात्र तीन म्हणत होता. पुस्तकात इमारत आणि तिच्यातल्या फ्लॅटांचं उदाहरण होतं, ते दिलं. फ्लॅटचं तोंड न पाहिलेल्या पोरांना फ्लॅट! माझं डोकं तापलं.

मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. कमी बोलायची, पण सांगितलेलं पुन्हा सांगावं लागायचं नाही. मला तिची आशा होती, उघडच सांगते. तिचे आईबाप दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे. आमच्याकडे तोडणीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादम टोळी बांधतो ती अशा कोयत्यांची. यंदा आईची कंबर धरली होती, ती उठूच शकत नव्हती. मग बापाबरोबर लेकीने जायचं असं घरात चाललं होतं. गेली की कोर्स सुटला, आणि एकदा सुटलेला कोर्स पुन्हा धरलेलं पोर मी अजून पाहिलेलं नाही. मी तिच्या बापाला बोलावून घेतलं आणि चांगलीच भांडले. तो खाली बघत म्हणाला, "मला बी कळतंय, मॅडम. पर अर्धा कोयता कोन नेतंय?"

तर त्या दिवशी मी फळ्यापुढे तापून उभी, आणि ही मागून उठली.

"मॅडम, मुकादम मोजतो तसंच हाय की हे. टोळीत तीन कोयते म्हनला, तर मानसं सा असत्यात. पर तो मानसं मोजतच न्हाई."

वर्गात एकदम "हां!" झालं. जे मला तासभर जमलं नव्हतं, ते तिने दोन वाक्यांत केलं. मी खुश होऊन डस्टर टेबलावर आपटला. पण ती अजून उभीच होती.

"आन् आतल्या डब्यातलं एक नाव काढून दुसरं घातलं, तर भाईरची गिनती बदलती का?"

तिच्या घरचं सगळ्यांना माहीत होतं. मला काहीतरी वेगळं बोलायचं होतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकच होतं.

"नाही," मी म्हणाले. "तीनच राहते."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि खाली बसली.

दसरा झाला आणि टोळी निघाली. मी सकाळी रस्त्यावर जाऊन उभी राहिले, कशाला ते मलाही कळलं नाही. ट्रॉलीत भांडी, गाठोडी, शेळ्या, आणि त्यातच बापाशेजारी ती, डोक्याला रुमाल बांधून. मुकादमाने खालूनच बोट फिरवत मोजलं. "कोयते बराबर हायत, चला," म्हणाला. ट्रॅक्टर हलला. तिने माझ्याकडे पाहिलं. हात मात्र केला नाही. मी घरी येऊन खूप रडले.

आता मी पुन्हा फ्लॅटांचंच उदाहरण देते. कुणाला धड समजत नाही. दहादा सांगते, चिडते, पण दुसरं उदाहरण देत नाही. परवा नव्या वर्गातली एक मुलगी आपणहून हात वर करून म्हणाली, "मॅडम, म्हंजी कोयत्यावानी?"

बरोबर आहे, म्हणाले. तुझ्या घरून तोडीला कोण जातं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.