चौकटीला हात लावू नका

आमच्या पुढच्या दाराच्या सागवानी चौकटीभोवती चार बोटं रुंदीची नक्षीची पट्टी आहे. वेल, पानं, मधेच एखादं कमळ. पेंटरनं भिंती रंगवल्या, पट्टीला साधं पॉलिश मारलं आणि तो दुसऱ्या कामावर गेला. घर झकास दिसत होतं. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज सांगायला काही उरलं नसतं.

रविवारी शिरोळहून पाहुणे येणार होते. मुलगी बघायला म्हणावं, तर आमच्या लेकीनं आणि त्यांच्या पोरानं एकमेकांना कधीच बघून ठेवलेलं. आता आम्ही थोरल्यांनी एकमेकांना पसंत करायचं होतं. त्याचे वडील नाही म्हणाले तर पोरगा वडिलांना डावलून लग्न करणार नव्हता, आणि लेक दुसऱ्या कुणाशी करणार नव्हती. आठवडाभर तिचा एकच धोशा. "पप्पा, ते जरा कडक हायत. तुम्ही फक्त शांत बसा."

शांत बसण्यात आजवर मला कधी यश आलेलं नाही. शुक्रवारी शाहूपुरीत गेलो आणि सोनेरी ऑइल पेंटचा डबा आणला. दुकानदार टर्पेंटाईन न्या म्हणत होता. मी म्हटलं, घरात बेलतेल, म्हणजे रंगात घालायचं जवसाचं तेल, आहे. पेंटर बाटली विसरून गेला होता. बेलतेलानं चकाकी येते एवढं मी ऐकून होतो. रंग वाळत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मी कुणाला विचारलं नव्हतं. बाटली सढळ हातानं ओतली आणि पट्टी सोन्यासारखी लखलखली.

शनिवारी रंग ओलाच. बाहेर पावसाची झड, हवा दमट. पंखा लावला, लेकीचा हेअर ड्रायर लावला. मग पावडर थापली. वेलीला कोड आल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून तिच्यावर आणखी एक हात मारला. तेल होतंच.

रविवारी सकाळी बायको देवळातून आली. चप्पल काढायला तिनं एक पाय उचलला आणि तोल सांभाळायला चौकटीला हात टेकला. मी ओरडलो, पण उशीर झाला होता. तिनं आपल्या सोनेरी तळव्याकडे बघितलं.

"ओलं हाय?"

"जरासं."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. आमच्या दारात चपला काढताना माणूस चौकट धरतोच. कोल्हापुरी चप्पल घट्ट असली तर हमखास धरतो. म्हणजे एकूणएक पाहुणा सोनेरी होऊन घरात येणार. 'रंग ओला आहे' अशी पाटी लावू का, असं विचारलं तर बायको म्हणाली, बघायला येणार हायत की सरकारी ऑफिसात? व्हरांड्यात खुर्ची मांडली तर म्हणाली, दवाखान्यात आल्यागत वाटंल. नदीचं पाणी रस्त्यावर येऊन पाहुणे वाटेतच अडकावेत असंही क्षणभर मनात आलं. पुराचं पाणी शिरोळला काय करतं ते मला माहीत आहे. माझीच मला लाज वाटली.

शेवटी दारात मीच उभा राहिलो. जो येईल त्याला हात द्यायचा.

आधी गाडीतून पोराचे वडील उतरले. कधीकाळी तालमीत घाम गाळलेला माणूस, दार भरून टाकणारा. त्यांनी पाय उचलताच मी त्यांचा दंड पकडला.

"पावणं, मी अजून थकलो न्हाय," ते म्हणाले.

पोराच्या आईची साडी मोतिया रंगाची. तिचा पदर आणि चौकट यांच्या मधे मी पेठेतल्या फुटबॉल टीमच्या गोलकीपरसारखा दोन्ही हात पसरून उभा. बाई अंग चोरून आत गेल्या. सगळे बसले, मी श्वास सोडला आणि पाण्याचा तांब्या उचलला.

गाडी लावायला गेलेला पोरगा माझ्या डोक्यातून साफ गेला होता.

बघतो तर तो उंबऱ्याबाहेर एका पायावर उभा, हात बरोबर कमळावर. त्यानं तळवा पाहिला, मग मला पाहिलं. माझं तोंड उघडंच होतं. त्यानं सावकाश हात पँटच्या खिशात घातला आणि येऊन बसला.

पोहे आले. त्यानं बशी मांडीवर ठेवली आणि डाव्या हातानं चमचा धरला. आईनं टोकलंच. उजवा हात काय गहाण ठेवलायस काय? तो म्हणाला, क्रिकेट खेळताना मुरगळलाय.

बिचाऱ्यानं मला वाचवायला थाप मारली, पण बाप तालमीतला. त्यांनी बशी खाली ठेवली. "आण हिकडं. बसवतो."

"नको, बरा हाय."

"आण म्हटलं न्हवं."

हात बाहेर आला. पाचही बोटं सोनेरी, पँटचा खिसाही सोनेरी. स्वयंपाकघराच्या दारात लेकीचा चेहरा पांढराफटक.

"रंग ओला हाय," मी म्हणालो. "मीच मारलाय."

वडील उठले, दारापाशी गेले. कमळावर उमटलेली बोटं त्यांनी वाकून बघितली, मग पोराकडे बघितलं. पोरानं मान खाली घातली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, तेही अगदी सावकाश. दारातली ती धरपकड त्यांना आत्ता उमगत असावी.

"म्हणून माझा दंड धरला व्हय?"

मी मान हलवली. ते परत येऊन बसले, बशी उचलली, दोन घास खाल्ले. ते दोन घास संपता संपेनात.

"लगीन दिवाळीनंतर धरू," ते म्हणाले. "तवर वाळंल न्हवं?"

बायकोनं खोबरेल तेल आणि फडकं आणलं. पोराचा हात पुसायला लेक पुढं झाली, तेव्हा थोरल्यांनी एकदम पावसापाण्याच्या गप्पा काढल्या.

वाळायला गणपती उजाडले. कमळावरचे बोटांचे ठसे बुजवायला मी बारीक ब्रश आणला होता. तो लेकीनं कुठं ठेवलाय, अजून सापडलेला नाही.