जिराफ कुणाचा

जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवून देणारी त्या रस्त्यावर ती एकटीच होती. दुकानात एक लांब टेबल, भिंतीला टेकवलेले फोमचे तक्ते, रेक्झीनचे रोल आणि शिलाई मशीन. दिवसभर ती खिळे उपटायची, पट्टे ताणायची, कापड ठोकायची. बोलणं कमी. ते खातं नवऱ्याकडे होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि सगळ्यांशी दोघांच्या वतीने बोलून मोकळा व्हायचा. पाहुण्यांना हो म्हणणार तो, तिच्या गिऱ्हाइकांना तारखा देणार तो. एकदा तर तिचं हाताला सरावलेलं मशीन त्याने चुलतभावाला देऊन टाकलं. तिने विचारलं, तर म्हणाला, "अगं, बोललो होतो ना!" बोलला होता खरा. जेवताना, टीव्हीकडे बघत. ती तेव्हा ताटं उचलत होती. तिने विषय वाढवला नाही, पण ते मशीन पुढे कितीतरी दिवस तिच्या डोक्यात घरघरत राहिलं.

बास्केटबॉलच्या लीगमध्येही तिला घातलं त्यानेच. घरातल्या आणि ओळखीतल्या आठ जणांचा तो नाद. खेळ साधा होता. खऱ्या संघांमधले खेळाडू आपापसात वाटून घ्यायचे, आणि ते मैदानावर जे काही करतील त्याचे गुण आपल्या खात्यात. हंगामात खेळाडूंची अदलाबदल करता येई, पण त्यासाठी बाकीच्यांची मंजुरी लागे. एक भिडू गळाला म्हणून नवऱ्याने हिला संख्या भरायला घेतलं.

निवडीच्या दिवशी तिने शेवटी एक उंच, हडकुळा पोरगा मागितला, तेव्हा सगळे खो-खो हसले. तो कायम बाकावर बसून असायचा. तिच्या मोठ्या भावाने त्याचं नाव ठेवलं जिराफ. पण फोन दोऱ्याच्या रिळाला टेकवून ती काम करता करता सामने बघायची, आणि तिला एक गोष्ट आवडली होती. चेंडू रिंगवर आपटला की बाकीचे वर बघत राहायचे. जिराफ चेंडू पडणार त्या जागेकडे आधीच चालू लागलेला असायचा. पुढे त्याच्या संघाचा मुख्य खेळाडू जायबंदी झाला, जिराफ आत आला आणि सुटलाच. ती तळातून थेट तिसऱ्या जागेवर आली. दुसरा होता नवरा. पहिली नणंद, म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. ती दवाखान्यात परिचारिका होती आणि लीगची अध्यक्षही.

अदलाबदलीची मुदत संपत आली तसा नवरा दुकानात येऊन बसला.

"जिराफ मला दे. बदल्यात दोन घे. दोघेही लांबून नेम धरणारे."

"विचार करते," ती म्हणाली. तिच्या तोंडात खिळे होते.

"त्यात विचार काय? दोन मिळतायत एकाच्या बदल्यात. आणि मी पहिला आलो काय, तू आलीस काय, घरातच ना?"

ती खिळे ठोकत राहिली. त्याने ते हो धरलं. दुपारी सगळ्यांच्या फोनवर त्याचा निरोप आला: 'जिराफ आमच्याकडे. रविवारी मंजुरी घेऊ.' तिने तो उभ्याउभ्या वाचला. हातातला पट्टा इतका ताणला गेला की लाकडी चौकट कुरकुरली.

रविवारी सगळे नणंदेकडे जमले. जेवणं होताच भावाने तोंड उघडलं.

"जावईबापू, हे चालायचं नाही. नवरा-बायकोने मिळून लीग खायची म्हणता?"

"दादा, खायची काय? दोन देऊन एक घेतोय मी!"

"दोन देताय, पण कसले? एकाचा गुडघा गेलेला, दुसऱ्याला संघात कुणी विचारत नाही. माझ्या बहिणीच्या गळ्यात भंगार बांधताय."

"भंगार? गेल्या सामन्यात त्याने..."

"गेल्या सामन्यात समोरचा संघ झोपला होता!"

आवाज चढले. लीगमधलाच शेजारचा चावीवाला नवऱ्याच्या बाजूने सरसावला, त्याची बायको भावाच्या. नणंदेने टेबलावर भात वाढायचा डाव आपटला. "गप्प बसा रे! मत घेऊ." एक एक हात वर जाऊ लागला, खाली येऊ लागला. जिराफाच्या मालकिणीकडे कुणी बघतही नव्हतं. पुन्हा ताटं उचलावीत आणि आत जावं, असं तिला क्षणभर वाटलं. सोपं होतं ते.

"कशावर मत घेताय?" ती बसल्या जागेवरूनच म्हणाली. "मी जिराफ दिलेलाच नाही."

सगळे तिच्याकडे वळले. नवरा हसायला गेला, पण हसू अर्ध्यावर राहिलं.

"अगं, बोललो होतो ना आपण दुकानात."

"तुम्ही बोललात. मी विचार करते म्हणाले."

"म्हणजे मी इथे सगळ्यांसमोर खोटा?"

"खोटे नाही. तुम्ही माझं उत्तर ऐकायला थांबला नाहीत." ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "मशीनच्या वेळीही थांबला नव्हतात."

मशीन कुठलं, हे बाकीच्यांना कळेना. त्याला कळलं. त्याचे कान लाल झाले. भाऊ खूश होऊन म्हणाला, "शाब्बास! हेच मी सांगत होतो."

"तू पण गप्प बस, दादा," ती त्याच्याकडे वळली. "माझ्या गळ्यात काय बांधायचं ते तूच ठरवत होतास. त्या गुडघेवाल्याला मी घेतलंही असतं. तो पुढच्या आठवड्यात परत येतोय. पण त्याच्या जोडीला मला ह्यांचा कर्णधार हवा." ती नवऱ्याकडे वळली. "द्याल?"

कर्णधार म्हणजे नवऱ्याच्या संघाचा प्राण. "वेड लागलंय का?" तो ताडकन म्हणाला.

"मग नाही जमत," ती म्हणाली. नणंदेने अदलाबदल रद्द केली आणि मुदत दोन आठवडे पुढे ढकलली. कुणाला विचारावं हे नणंदेला सुचलं नाही, की तिने मुद्दामच विचारलं नाही, कोण जाणे.

घरी जाताना दोघं एका ओळीत चालत होती. नवरा पुढे, ती मागे. वाटेत तो एका बंद दुकानापाशी थांबला, काहीतरी म्हणणार असं वाटलं, आणि पुन्हा चालू लागला. घरात दोन-तीन दिवस 'चहा ठेवलाय' आणि 'किल्ली कुठेय' इतकंच चाललं. तिला रात्री झोप लागेना. चारचौघांत बोलायला नको होतं, असं वाटे. मग एकट्यात बोलून काय झालं असतं, हेही वाटे. पण उठून 'जाऊ द्या, घ्या जिराफ' म्हणावं, असं एकदाही वाटलं नाही.

आणि मग जिराफाचा घोटा मुरगळला. चालू सामन्यात, तिच्या डोळ्यांदेखत. त्याला दोघांनी धरून बाहेर नेलं आणि समालोचक म्हणाला, हंगाम संपला ह्याचा. तिने फोन उपडा ठेवला. हातातलं काम होईना. आता नवरा येणार, दारात उभा राहणार आणि म्हणणार, बघ, तेव्हा दिला असतास तर.

तो आला. कामाच्या कपड्यांतच, हाताला ग्रीस. स्टुलावर बसला. रेक्झीनच्या रोलवर त्याने बोट फिरवलं.

"तुझी एक जागा रिकामी झाली," तो म्हणाला. "गुडघेवाला देऊ का? तो खेळायला लागलाय."

"बदल्यात?"

"तो तुझा बुटका पासवाला. नको असेल तर नाही म्हण. मी अजून कुणाला कळवलेलं नाही."

"नाही," ती म्हणाली.

तो थांबला. खरंच थांबला. ती मशीनवर वाकून शिवण पूर्ण करेपर्यंत तो स्टुलावरच होता.

"पासवाला नाही देणार," ती दोरा तोडत म्हणाली. "दुसरा एक सांगते. पण त्याच्याबरोबर तुमचा एक राखीवही हवा."

"राखीव कशाला?"

"बसा नीट, सांगते."

मग त्यांचं जे जुंपलं ते गिऱ्हाईक येऊन खोकलं तरी थांबेना. एकदा तो उठून दारापर्यंत गेला आणि परत आला. एकदा तीच म्हणाली की राहू दे. शेवटी राखीव खेळाडूसकट सौदा ठरला, आणि निरोप त्याने तिला लिहायला लावला. भावाने त्यालाही विरोधात मत दिलं. नवरा-बायकोचा सौदा म्हटला की त्याला संशय येणारच. बाकीच्यांनी मंजूर केला. हंगाम नणंदेने जिंकला. बायको चौथी आली, नवरा पाचवा, आणि पुढच्या वर्षीच्या निवडीत कुणाला आधी उचलायचं यावरून घरात त्याच आठवड्यात वाद सुरू झाला.