शेवटच्या कडव्यातलं नाव

अमेरिकेत, नोव्हाय गावच्या टेस्टिंग लॅबमध्ये देवानंद एकवीस वर्षं गाड्यांच्या सीटा मोडेपर्यंत हलवून बघत होता. शेजारच्या टेबलावर वॉल्टर नावाचा केंटकीचा म्हातारा टेक्निशियन बसायचा आणि त्याचा रेडिओ दिवसभर चालू असायचा. जुनी कंट्री गाणी देवानंदच्या कानावर पहिल्यांदा पडली ती तिथंच. कोळशाच्या खाणी, बंद पडलेल्या गिरण्या, दारूत बुडालेले बाप. गिटारचे तीन-चार सूर आणि खरं सांगणारा एक माणूस. ती गाणी त्याला कधी परकी वाटली नाहीत. ती का परकी वाटत नाहीत, हे त्यानं कुणाला सांगितलंही नाही.

जूनमधल्या एका दुपारी, डबा खाताना, त्या रेडिओवर इशिताचं गाणं लागलं. इशिता त्याची मुलगी. सव्वीस वर्षांची, नॅशव्हिलला राहून गायकांना गाणी लिहून देणारी. तिच्यासह पाच जणांनी एका खोलीत बसून लिहिलेलं हे गाणं तीन आठवडे देशात पहिल्या नंबरवर होतं.

"हे कंट्री?" वॉल्टरनं आवाज कमी केला. "ड्रम मशीनचा, गाणारा मॉलमधला. डोक्यावरची हॅट काढली तर खाली काही उरत नाही."

"सगळा देश ऐकतोय, वॉल्टर."

"सर्दीपण सगळ्या देशाला होते. तुझ्या पोरीचं आहे म्हणून नुसता आवाज कमी केला. दुसऱ्या कुणाचं असतं तर बंद केलं असतं."

देवानंदचं लक्ष गाण्याकडे होतं. गाणं त्यानंही आज पहिल्यांदाच नीट ऐकलं होतं. आजवर फोनवर दहा-बारा सेकंद ऐकून तो 'छान झालंय' म्हणाला होता. शब्दांत पिकअप ट्रक होता, थंड बिअर होती, नदीकाठी नाचणारी मुलगी होती. आणि शब्दांच्या खाली चाल होती ती त्याच्या वडिलांची.

सुखदेव मेश्राम. नागपूरला इंदोऱ्यात राहायचे, गिरणीत कामाला जायचे. संध्याकाळी त्यांची गायन पार्टी बसायची. एप्रिल आला की भीमजयंतीच्या कार्यक्रमांसाठी पेटी सायकलला बांधून वस्त्या पालथ्या घालायचे. ज्या गाण्याची ही चाल, ते त्यांनी शाळेत जाणाऱ्या पोरींसाठी रचलं होतं. अशा गाण्यांची रीत ठरलेली होती, शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव यायचं.

*सुखदेव म्हणे, भीमानं दिली*
*उंबऱ्याबाहेरची वाट.*

ना छापील पुस्तक, ना रेकॉर्ड. गाणाऱ्याला गाणं पुरं करायचं तर नाव घ्यावंच लागे. ज्याच्याकडे दुसरं काही नाही, त्यानं आपली सही अशी गाण्याच्या आतच करून ठेवली होती.

देवानंदनं आडनाव बदललं होतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना, गॅझेटमध्ये रीतसर छापून, तो मेश्रामचा नागपूरकर झाला. नोव्हायला पहिलं अपार्टमेंट घेतलं तेव्हा भिंतीपलीकडे पुण्याचा गुरुनाथ राहायचा. मनमोकळा, हसरा माणूस. पहिल्याच जेवणाला त्यानं विचारलं होतं, "नागपूरकर म्हणजे मूळचे कोण तुम्ही?" भिंत पातळ होती. रात्री दोन वर्षांच्या इशिताला झोपवताना देवानंद तेच गाणं म्हणायचा. शेवटच्या कडव्याला आवाज खाली घ्यायचा. काही महिन्यांनी ते कडवं म्हणायचंच बंद केलं. तोवर पोर झोपलेली असायची.

दोन वर्षांपूर्वी तिनं फोन करून विचारलं होतं, "बाबा, ते स्कूलवालं गाणं कुणाचं आहे?"

"असंच. गावाकडचं लोकगीत आहे."

"शुअर? कुणी लिहिलेलं नाही ना?"

"लोकगीत कोण लिहिणार?"

नंतर मेसेजवरही त्यानं तेच लिहिलं. तिनं गाण्याच्या नोंदणीच्या फॉर्मवर चालीपुढे 'पारंपरिक' असं भरलं.

ऑगस्टअखेर महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात इशिताचा सत्कार ठेवला. गुरुनाथ आता मंडळाचा अध्यक्ष होता. "लोक म्हणतात, हे कंट्री नाही, पॉप आहे," तो हॉलच्या दारात देवानंदच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "म्हणू दे, यार. नंबर वन आहे ना? नंबर वनला कुणी कूळ विचारत नाही."

स्टेजवर तो आणखी रंगात आला. "मंडळी, इशिताच्या या गाण्याचं मूळ आहे आपल्या घराघरातल्या जात्यावरच्या ओव्यांत! आपल्या आज्या-पणज्यांचा हा वारसा!" टाळ्या पडल्या. मग त्यानं माइक देवानंदच्या हातात दिला. वडिलांनी दोन शब्द बोलावेत.

देवानंदनं माइक तोंडाशी धरला. तो गायला. आधी मधलं एक कडवं, मग शेवटचं. तेवीस-चोवीस वर्षांत न म्हटलेलं कडवं एकाही ठिकाणी अडलं नाही, याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. "सुखदेव मेश्राम," तो म्हणाला. "माझे वडील. जयंतीत गायचे. ही चाल त्यांची आहे."

टाळ्या वाजल्या, पण विरळ. गुरुनाथनं माइक परत घेतला आणि माइकमधूनच म्हणाला, "आपल्याकडे कुणाला काही फरक पडत नाही हं, देवानंद. अजिबात नाही." कुणी काही विचारलं नव्हतं. मग त्यानं जेवणाची घोषणा केली.

पार्किंग लॉटमध्ये इशिता गाडीला टेकून उभी होती. शाल अजून खांद्यावर होती.

"मी दोनदा विचारलं होतं, बाबा."

"हो."

"सगळे मला विचारतायत, आजोबांचं नाव का नाही दिलंस? मी काय सांगू? मला नावच माहीत नव्हतं? पूर्ण गाणंच माहीत नव्हतं?"

"माझी चूक झाली."

"गाण्यातून नाव मी नाही काढलं. तू काढलंस. मी दोन वर्षांची असताना काढलंस."

त्यानं विचारलं, "आता टाकता येईल?"

"लॉयरशी बोलते. प्रूफ मागतील. रेकॉर्डिंग, वही, काहीतरी."

"काही नाही. मी आहे."

"तू लोकगीत म्हणाला होतास. माझ्याकडे तुझा तो मेसेजही आहे." तिनं शाल काढून घडी घातली. "ट्राय करते. झालंच तर सहावं नाव येईल. पाच जणांच्या खाली."

"आणि गाण्यात?"

"गाण्यात कसं येणार, बाबा?" ती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "गाणं झालंय ना. लोक आता ते असंच म्हणणार."

पलीकडच्या रांगेत कुणीतरी गाडी सुरू केली. त्या गाडीच्या रेडिओवर इशिताचं गाणं नव्हतं, दुसरंच काहीतरी लागलं होतं, पण देवानंद तेही शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला, कुणी नाव घेतंय का ते बघत.