पहिला फेरा

गजूनं तांब्या उचलला आणि ट्रॅक्टरच्या सीटवर गोमूत्र ओतलं. मी नुकताच त्या सीटवरून उतरलो होतो. उतरलो कसला, उतरवला गेलो होतो.

लालबर्रा गावाच्या अलीकडे, रस्त्यालगतच्या बौद्ध मोहल्ल्यात माझं वेल्डिंगचं दुकान. दुकान म्हणजे अंगणावर टाकलेले टिनाचे पत्रे. कंपनीनं ज्यांचे पार्ट बनवणं कधीच सोडलं, असे म्हातारे ट्रॅक्टर माझ्याकडे येतात. मी भंगारातून जुळवून देतो.

गजू मालगुजारांचा, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदारांचा, धाकटा मुलगा. शाळेत आम्ही एका बाकावर. त्याच्या घरचा ट्रॅक्टर आम्हा दोघांपेक्षा जुना. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, चिखलणीला टायरच्या बाहेरून लोखंडी जाळीची चाकं कसतात, ती बाजारातली त्याला बसेनात. गजू म्हणाला, दोघं मिळून बनवू. राईस मिलच्या भंगारातले अँगल मी आणले. त्याच्याकडून काही घेतलं नाही, दोस्तीत घेतात का? तो रोज येऊन बसायचा. मी वेल्डिंगचे टाके मारायचो, तो अँगल धरायचा. दुपारी माझ्याच ताटात भात कालवायचा. माझ्या आईला माय म्हणायचा. मी भुललो. मला वाटलं, जात त्याच्या बापाबरोबर म्हातारी होतेय, आमच्यापर्यंत पोचणार नाही.

आमच्या कामात एक रीत आहे. नवा जोड शेतात उतरला की पहिला फेरा मिस्त्री मारतो. टाका सुटला तर त्याच्याच जिवावर सुटावा म्हणून. फेरा झाला की मालक हात देऊन त्याला सीटवरून उतरवतो. तोच मान.

त्या सकाळी अर्धा फेरा झाला होता. चाकं चिखल मस्त कापत होती, मी खुशीत होतो. तेवढ्यात गजूचे वडील पूजेचं ताट आणि गोमूत्राचा तांब्या घेऊन बांधावर आले. मागे पाहुणे. मी त्यांना काकाजी म्हणत असे. ते माझ्याशी बोललेच नाहीत.

"गजू, पूजा व्हायची हाये. त्याले काहून बसवलं?"

मी गजूकडे पाहिलं. त्याचं एक वाक्य मला पुरलं असतं. तो पाहुण्यांकडे बघून हसला.

"अरे उतर ना यार. बाबूजी, मी तर त्याले फक्त चाकं आणाले सांगतलं होतं."

हात दिला नाही. मी चिखलात उतरलो. मग तो तांब्या.

काकाजींचा मला तेवढा राग आला नाही. ते कधी माझ्या ताटात जेवले नव्हते. हा जेवला होता.  मी त्याला एवढंच म्हणालो.

"सीट धुतली गजू, आता पोटही धुऊन घे. माझ्या मायच्या हातचा भात हाये त्यात."

पाना खिशातच होता. चिखलात बसलो आणि बोल्ट खोलायला लागलो.

"काय करून राह्यला?" काकाजी पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"माझी चाकं नेऊन राह्यलो."

कुणी अडवलं नाही. अडवायला मला शिवावं लागलं असतं. एक एक चाक बांधावरून गडगडवत मी रस्त्यावर आणलं. गजू ओला तांब्या घेऊन तसाच उभा होता.

नंतर त्यानं निरोप पाठवला. बाबूजी लामत्याच्या बाजाराला गेले की गुपचूप चाकं बसवून दे, तुझा माझा काय झगडा. मी निरोप्याला परत पाठवलं. गुपचूप दोस्ती, गुपचूप भात. तेवढंच तर तो आजवर करत आला होता.

चाकं माझ्या भिंतीला उभी आहेत, रस्त्याकडे तोंड करून. गंजली तरी गजूला मिळणार नाहीत. आता कुणीही काम घेऊन आलं की आधी सांगतो: पहिला फेरा माझा. गावासमोर. फेरा झाल्यावर तुम्ही मला हात देऊन उतरवायचं, आणि सीट कोणी धुवायची नाही. हे जमत नसेल तर ट्रॅक्टर इथूनच वळवा. तुमच्या बांधीत यंदा चिखल झाला नाही तरी मी पाना उचलणार नाही.