हरकत असल्यास कळवावे

साऱ्या वसई तालुक्याचा राग एका पारड्यात आणि माझ्या आतोबांचा दुसऱ्या पारड्यात घातला असता, तर तालुका वर गेला असता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. वटारला त्यांची केळीची आणि पानवेलींची वाडी होती. शाळेत ते गणित शिकवत आणि उरलेला वेळ संतापत. तोंडात शिवी नसे, हात कधी उगारला नाही, पण आवाज असा की वाडीतली वटवाघळं दिवसा उडायची. या रागाला विषय मात्र एकच. विद्यापीठात गणित घेऊन बी.ए. करणाऱ्या पोरांसाठी काही संधी आली आणि ती पोरांना वेळेवर कळली नाही, की आतोबा पेटले. मग ती शिष्यवृत्ती असो, बक्षिसाची परीक्षा असो, की कुणा पाहुण्या विद्वानाचं व्याख्यान.

याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आतोबा स्वतः बी.ए.ला गणितात पहिले आले होते. त्या वर्षी पुढच्या शिक्षणासाठी एक शिष्यवृत्ती होती आणि तिचा कागद कॉलेजातल्या कुणा कारकुनाच्या खणात मुदत संपेपर्यंत निजून राहिला. कारकुनाचा त्यात काही डाव नव्हता. कागद लावायचा त्याला कंटाळा आला, इतकंच. मी त्या इसमाला कधी पाहिलं नाही, पण आज हे लिहितानाही त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. डाव असता तर निदान त्यात थोडी मेहनत तरी असती!

तेव्हापासून दर शनिवारी लोक मुंबईला कापड घ्यायला जात आणि आतोबा सूचनाफलक वाचायला. फलकाला काच आणि काचेला कुलूप दिसलं की ते तिथेच गरजत, "सूचना आहे की नाग, कोंडून ठेवायला?" मुदत उलटल्यावर लावलेला कागद दिसला, तर बैल गेला नि झोपा केला या म्हणीवर अख्ख्या कचेरीला व्याख्यान ऐकावं लागे. गोळा केलेल्या बातम्या ते संध्याकाळी गावोगाव पोचवत, आणि त्याही सायकलवरून ओरडून. माझ्या ताईच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांना अंतरपाटापलीकडे नवरदेवाचा धाकटा भाऊ दिसला. तो गणितवाला. "अर्ज गेला का?" आतोबांनी भर मांडवात विचारलं. नाही म्हणताच हातातल्या अक्षता वधूवरांऐवजी त्याच्यावर पडल्या, आणि त्या आशीर्वादाच्या नव्हत्या. आत्या म्हणाली, "अहो, कानात सांगायचं होतं!" आतोबा म्हणाले, "कानात सांगितलेली बातमी दाबता येते. चारचौघांत सांगितली की कुणाच्या बापाला दाबता येत नाही."

या हट्टापायीच ते पाचूबंदरचं प्रकरण घडलं. माझ्या कॉलेजातल्या वर्गात मोनिका नावाची, पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळ्यांची मुलगी होती. गणितात माझ्यासारख्या दहांना पुरून उरेल अशी. सुटीत ती घरी आली होती. एका शनिवारी आतोबांना विद्यापीठात कळलं की निवडक मुलांसाठी उन्हाळ्याचा खास वर्ग निघतोय, मोठमोठे गणिती शिकवणार, आणि यायचं असेल त्याने सोमवारी सकाळी मुलाखतीला हजर राहायचं. जे चमकतील त्यांना पुढच्या संशोधनाची वाट मोकळी. आतोबा स्टेशनवरून थेट पाचूबंदरला गेले. मोनिकाचा बाप जाळं विणत बसला होता. तो वर न बघता म्हणाला, "बोंबील सुकवायचा हंगाम हाय, मास्तर. पोरीला येल नाय." आणि मुलीला आत जायला सांगितलं.

आतोबा तडक तिथल्या चर्चच्या फादरकडे गेले आणि रविवारच्या मिस्सेत, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेत, ही सूचना वाचून दाखवा म्हणून हटून बसले. फादर बिचारे म्हातारे, भिडस्त. लग्न ठरलेल्या जोडप्यांची नावं तीन रविवार वाचायची आणि कुणाची हरकत आहे का ते विचारायचं, ही चर्चमधली जुनी रीत. फादरनी त्या दिवशी दोन जोडपी वाचली आणि त्याच सुरात, त्याच दमात पुढे वाचून टाकलं, "पाचूबंदरची मोनिका हिने उद्या सकाळी मुंबईला गणिताच्या वर्गासाठी हजर व्हावे. कोणाची हरकत असल्यास कळवावे." वर्षानुवर्षांची सवय, जीभ थांबली नाही.

मिस्सा सुटली तसा मोनिकाचा बाप पायरीवर उभा राहिला. "फादर, माझी हरकत हाय."

बाहेर सायकल धरून आतोबा उभे होते, शेजारी सुटीला त्यांच्याकडे आलेला मी. "कारण सांगा!" आतोबा गरजले. सगळा गाव थबकला.

"सुकवायला हात कोन देनार?" बाप म्हणाला.

आता फादरच्या लक्षात आलं की आपण काय विचारून बसलो. पण विचारलं ते चर्चमध्ये, तेव्हा निवाडा करणं भाग. त्यांनी चष्मा पुसला. "हरकत चालते ती आधीचं लग्न असलं तर, जवळचं नातं असलं तर, नाहीतर जबरदस्ती असली तर. बोंबील त्यात कुठेच बसत नाहीत." आणि मोनिकाकडे वळून विचारलं, "तुझ्यावर जबरदस्ती आहे का गं?"

"जायची नाय, फादर. ऱ्हायची हाय," मोनिका म्हणाली.

बापाची मान खाली गेली. आतोबांनी तेवढ्यात माझा दंड धरून मला पुढे ढकललं. "हात पाहिजेत ना? हा माझा भाचा घ्या. तसाही नापासच व्हायचाय." त्या सुटीभर मी बांबूंवर बोंबील टांगले. आत्या मला अंगणातच आंघोळ घाली. आतोबांवर मी इतका भडकलो होतो की पुढच्या परीक्षेत पास झालो.

मोनिका त्या वर्गात चमकली. पुढे मुंबईच्या एका कॉलेजात गणित शिकवू लागली. आतोबांनी तिचं कौतुक केलं नाही. भेटली की, "तुझ्या फलकाला कुलूप आहे का?" एवढंच दरडावून विचारत. नाही, असं ती म्हणे, आणि ते सायकलवर टांग टाकत.

काही वर्षांनी आतोबा गेले, तेही शाळेत, फळ्याजवळ. त्या रविवारी फादरनी चर्चमध्ये लग्नांची नावं वाचली, आणि मग वटारचे मास्तर वारल्याचं सांगितलं. हिंदू माणसाची बातमी तिथे वाचली गेली ती पहिलीच असावी. मी बाहेर त्यांची सायकल धरून उभा होतो. मोनिका पायऱ्या उतरून आली आणि तिने सायकलच्या मुठीवर हात ठेवला.

"फादरनी आज हरकत इचारली नाय," ती म्हणाली. "माझी होती."